आज्ञा कोणाची आणि कुठवर? ख्रिस्ती विश्वासातलं आज्ञापालन

गोव्यात इगर्जेच्या (चर्चच्या) शेजारी राहणाऱ्या हिंदू घरांनाही हे चित्र ओळखीचं आहे. गावात रुळलेला, लग्नाला आणि मयताला धावून येणारा विगार (गावच्या चर्चचा मुख्य पाद्री) बिस्पांचं (बिशपांचं) पत्र आलं की सामान बांधतो आणि दुसऱ्या तालुक्यात रुजू होतो. बघणाऱ्याला ती सरकारी बदली वाटते, कोणाला वाटतं वरच्यांच्या धाकाने गेला. ख्रिस्ती शिकवणुकीत मात्र आज्ञापालनाची मुळं वेगळ्या जागी आहेत. विश्वास आधी, आज्ञा मागून. हा क्रम उलटला की आज्ञापालन माणसाला दडपायला लागतं. चर्चमध्ये, घरात, प्रार्थनागटात जे काही बिघडतं, त्यातलं पुष्कळसं इथूनच बिघडतं. गोव्यातले बहुसंख्य ख्रिस्ती कॅथलिक असल्याने नियमांचा तपशील इथे कॅथलिक चर्चचा दिला आहे.

दहा आज्ञा बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहेत. पण त्याआधी, चौदाव्या अध्यायात, इस्राएली लोक समुद्र ओलांडून मिसरच्या गुलामीतून सुटलेले असतात आणि सोळाव्यात त्यांना रानात मान्ना (देवाने दिलेलं अन्न) खायला मिळालेला असतो. आज्ञांची सुरुवातसुद्धा मनाईने होत नाही. देव आधी आपली ओळख देतो: तुम्हाला गुलामीतून बाहेर काढलं तो मीच. नियम पाळलेत तर सोडवीन, असा सौदा तिथे कुठेही नाही. सुटका झाली, ओळख पटली, मग 'आता असं जगा' हे सांगणं आलं.

अब्राहामाचंही तसंच. देश सोडून निघ, ही हाक आली तेव्हा तो 75 वर्षांचा होता आणि कबूल केलेला मुलगा, इसहाक, झाला तेव्हा 100 वर्षांचा. मधली पंचवीस वर्षं तो काही सरळ रेषेत चालला नाही. मिसरात जिवाच्या भीतीने त्याने बायकोला बहीण म्हणून पुढे केलं, मूल होईना म्हणून दासी हागारेपासून इश्माएल होऊ दिला. एवढं सगळं होऊनही देवाने त्याचा हात सोडला नाही. इसहाकाच्या बळीची अवघड कथा येते ती या सगळ्यानंतर, बाविसाव्या अध्यायात, आणि तिथे सुरी उगारलेला हात देवच थांबवतो. त्यामुळे 'मला देवाने सांगितलं' म्हणत कोणी पोटच्या पोराला उपाशी ठेवलं किंवा मारलं, तर त्याला अब्राहामाचा दाखला देता येणार नाही. ती कथा मुलाचा जीव वाचतो तिथे संपते.

विश्वास म्हणजे काय, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातल्या प्रसंगात फार नेमकं दिसतं. सकाळची वेळ. रात्रभर राबून एक मासळी हाती लागलेली नाही. नावा काठाला लावून मच्छीमार जाळी धूत आहेत. त्या कामाचा कंटाळा गोव्याच्या रांपणकाराला वेगळा सांगायला नको: अडकलेला पाला काढायचा, गाळ खंगाळायचा, फाटलं तिथे शिवायचं, मग वाळत घालायचं. अशा वेळी सुताराचा मुलगा येशू त्यांच्यातल्या पेत्राला सांगतो, नाव खोल पाण्यात ने आणि जाळी टाक. पेत्र आधी आपलं म्हणणं मांडतो: गुरुजी, रात्रभर कष्ट केले, काही मिळालं नाही. आणि मग म्हणतो, तरी तुम्ही सांगता म्हणून टाकतो. म्हणजे पुन्हा वल्ही मारायची आणि धुतलेली जाळी पुन्हा धुवायची. पेत्राची धंद्यातली अक्कल गहाण पडलेली नाही. ती बोलून झाल्यावर तो शब्द मानतो.

हा प्रसंग वाचताना एक गोष्ट हमखास सुटते. त्याच्या आधीच्याच अध्यायात येशू पेत्राच्या घरी जाऊन आलेला आहे आणि पेत्राची तापाने फणफणलेली सासू त्याने बरी केलेली आहे. पेत्र अनोळखी माणसाच्या हुकमावर नाव पाण्यात लोटत नाही. ज्याचा अनुभव घरात आला आहे, त्याच्या शब्दावर लोटतो. ख्रिस्ती अर्थाने 'आंधळा विश्वास' हा गैरसमज आहे, तो इथेच गळून पडावा.

याची दुसरी बाजू मत्तयच्या चौथ्या अध्यायात आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंच आहे. तो स्तोत्र 91 मधली ओळ म्हणून दाखवतो. येशू नकार देतो: देवाची परीक्षा पाहू नये. पेत्राला 'जाळी टाक' असं सांगितलेलं होतं, इथे उडी टाकायला देवाने सांगितलेलंच नाही. न सांगितलेला धोका पत्करायचा आणि देवाने वाचवावं म्हणून अडून बसायचं, याला विश्वास म्हणत नाहीत. इन्सुलिन बंद करून 'आता देवच बघेल' म्हणणारा नेमकी हीच चूक करतो. कॅथलिक बायबलातल्या बेन सीराच्या पुस्तकात, अडतिसाव्या अध्यायात, आजाऱ्याला प्रार्थना कर असं सांगितलं आहे आणि वैद्याला जागा दे, त्यालाही देवानेच निर्माण केलं आहे, असंही सांगितलं आहे. बांबोळीच्या इस्पितळात उपचार चालू असताना पाद्रीला बोलावून रुग्णाला तेलाचा अभ्यंग (पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना) देतात. त्यात विसंगती काही नाही.

विश्वासाने तारण (पापातून सुटका) की कृतीने, या वादावर युरोपात शतकानुशतकं रणं माजली. 1517 पासून जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्युथरने लावून धरलेला मुद्दा असा की देवाची कृपा कमावता येत नाही. याकोबाचं पत्र दुसऱ्या अध्यायात म्हणतं, कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला ल्युथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचा मथितार्थ एवढाच: तारण कृपेने मिळतं, आपल्या पुण्याईने नाही, पण त्या कृपेतून चांगली कृत्यं उगवल्याशिवाय राहत नाहीत. याहून सोपं हवं असेल तर मत्तयच्या एकविसाव्या अध्यायातले दोन मुलगे पाहावेत. एक 'जातो' म्हणतो आणि मळ्यात जात नाही. दुसरा 'जात नाही' म्हणतो आणि मागाहून पस्तावून जातो. बापाचं ऐकलं ते दुसऱ्याने.

बळजबरीने काय होतं

गोव्यात या विषयावर लिहायचं आणि इतिहास टाळायचा, हे बरोबर नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत तिसवाडी, बार्देस आणि साष्टीत देवळं पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला हलवावी लागली ती याच काळात. इन्क्विझिशन (श्रद्धेची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय) 1560 मध्ये इथे बसलं आणि 1774 ते 1778 चा खंड वगळता 1812 पर्यंत चाललं. बाटलेल्या माणसाने घरात जुने विधी केले, जुनं गाणं म्हटलं, तर शिक्षा. यातून वरवरचं आज्ञापालन मिळालं, विश्वास मिळाला नाही, आणि पिढ्यान् पिढ्यांची भीती तेवढी मागे राहिली.

त्याच गोव्यात दुसरी वाटही दिसते. 1579 मध्ये आलेला इंग्रज जेझुइट (येशू संघाचा पाद्री) थॉमस स्टीफन्स इथली भाषा शिकला आणि त्याने येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. ऐकणाऱ्याला आधी कळावं, मग पटावं, असा तो प्रयत्न होता. याच्या अगदी उलट 1684 चा सरकारी हुकूम: लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. दोन्ही गोष्टी ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीच केल्या, आणि आज त्यातली कोणती मान्य याबद्दल चर्चने संदिग्धता ठेवलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1965 मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं की विश्वास ही स्वभावतःच मोकळेपणाने करायची गोष्ट आहे आणि कोणावर ती लादता येत नाही. चर्चच्या कायद्यातलं कॅनन (कलम) 748 हेच सांगतं. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली वापरलेल्या बळजबरीबद्दल देवापुढे जाहीर क्षमा मागितली.

कोण काय पाळतं

साध्या बाप्तिस्मा घेतलेल्या माणसावरचे नियम लोकांना वाटतात त्यापेक्षा थोडे आहेत. रविवारी मीस (चर्चमधली उपासना) ऐकायची, शनिवारी संध्याकाळची ऐकली तरी चालते. राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी) आणि गुड फ्रायडेला उपास आणि मांसवर्ज्य. मांसाचा नियम वयाची 14 वर्षं पूर्ण झालेल्यांना, उपासाचा 18 पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. उपास म्हणजे एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं. आजारी माणूस आणि तान्ह्या मुलाची आई यांना रविवारच्या मीसचं बंधन नाही, आणि रास्त कारण असेल तर विगार इतरांनाही सूट देऊ शकतो. मधुमेह असलेली आजी गुड फ्रायडेला उपाशी राहून चक्कर येऊन पडली, तर तिने जास्त पुण्य केलं असं नाही. तिला तो नियम लागूच नव्हता.

धर्मप्रांताचा पाद्री आणि संघातला पाद्री यांत लोक नेहमी घोटाळा करतात. पहिला दीक्षेच्या वेळी आपले जोडलेले हात बिस्पांच्या हातात ठेवतो आणि त्यांना व त्यांच्या वारसांना मान देण्याचं आणि त्यांची आज्ञा पाळण्याचं वचन देतो. जेझुइट, फ्रान्सिस्कन अशा संघांतले पाद्री किंवा मादर (नन) यांचं तसं नाही. ते गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. ही व्रतं एका दिवसात घेतली जात नाहीत. नोव्हिशिएटमध्ये (उमेदवारीच्या काळात) प्रवेश वयाची 17 पूर्ण झाल्यावर, ते किमान 12 महिन्यांचं, मग साधारण 3 ते 6 वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि आजन्म व्रतं 21 च्या आधी नाहीत. धाकाने किंवा फसवून घेतलेलं व्रत कायद्याने रद्दच ठरतं. 'एक तरी पोर देवाला वाहिलेलं असावं' म्हणून आईबापांनी ढकललेली मुलं यातून वाचावीत, हाच हेतू आहे.

एवढं करून वरिष्ठाच्या हातात सगळं येतं, असंही नाही. कॅनन 601 प्रमाणे तो संघाच्या घटनेनुसारच आज्ञा देऊ शकतो. कॅनन 630 सांगतं की कोणत्याही वरिष्ठाने आपल्या माणसाला मनातलं गुपित उघड करायला कसल्याही प्रकारे भाग पाडू नये. विगाराच्या बदलीची रीतही कायद्यात लिहिलेली आहे, कॅनन 1748 पासून पुढे. बिस्पांनी बदली लेखी सुचवायची आणि समजावून सांगायचं. विगाराला पटलं नाही तर त्याने कारणं लेखी द्यायची. मग बिस्पांनी, पाद्रींच्या परिषदेने या कामासाठी निवडलेल्यांपैकी दोन विगारांबरोबर त्या कारणांचा विचार करायचा आणि मग, तरीही बदली करणं योग्य वाटलं, तर पुन्हा एकदा विनवायचं. अंतिम हुकूम यानंतर.

हरकत घेणं म्हणजे अविश्वास, असं इथे कोणी मानत नाही, कारण खुद्द येशूने गेथशेमाने बागेत हरकत घेतली. हा प्याला टळो, असं तो एकदा नाही, तीनदा म्हणाला, आणि प्रत्येक वेळी शेवट 'तुझी इच्छा होवो' असा केला. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाती लोयोला यांनी 1553 मध्ये पोर्तुगालच्या जेझुइटांना आज्ञापालनावर जे पत्र लिहिलं, ते कडक म्हणून प्रसिद्ध आहे. सांगितलं ते करणं ही खालची पायरी, मनापासून करणं ही त्यावरची, आणि वरिष्ठाच्या दृष्टीने विचार करून बघणं ही सर्वांत वरची. पण त्यातच सोयही आहे: वेगळं वाटलं तर आधी प्रार्थना करा, मग आपलं म्हणणं वरिष्ठापुढे मोकळेपणाने मांडा. आणि संघाच्या घटनेत अट आहे की हे सगळं जिथे पाप दिसत नाही तिथेच.

जुन्या गोव्याच्या बॉम जीझस चर्चमध्ये ज्यांचं शव आहे, ते फ्रान्सिस झेवियर याच शिस्तीतले. भारतात यायचं दुसऱ्या एकाचं ठरलं होतं. तो 1540 मध्ये आजारी पडला आणि इग्नातींनी झेवियरना विचारलं. ते लगेच निघाले आणि 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. पुढे जून 1553 मध्ये इग्नातींनी त्यांना युरोपात परत बोलावणारं पत्र धाडलं. झेवियर त्याच्या सहा महिने आधी, 3 डिसेंबर 1552 रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारले होते.

नाही म्हणायची वेळ

माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, हे प्रेषितांच्या कृत्यांतलं (5:29) वाक्य बंडखोरांचं आवडतं आहे. ते नीट वापरलेलं पाहायचं तर सांकवाळ-बाणावलीच्या संत जुझे वाझांकडे पाहावं. ते ओरेटोरियन. या मंडळात व्रतं घेत नाहीत, स्वेच्छेने एकत्र राहतात. डच सत्तेने श्रीलंकेत कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती. 1687 मध्ये वाझ वेश बदलून जाफन्यात शिरले. कायदा मोडला, पण कोणाचं नुकसान केलं नाही, शस्त्र उचललं नाही, आणि परिणाम अंगावर घेतले. कँडीच्या राजाने हेर समजून डांबलं, तेही सोसलं. 1697 मध्ये देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली. नकाराची पारख यातूनच होते: त्यात स्वतःची सोय किती आणि दुसऱ्याचं भलं किती? भाडं बुडवायला किंवा भावाचा हिस्सा हडपायला हे वाक्य वापरता येत नाही.

नवसाबद्दलही सांगायला हवं, कारण म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला (मरियेला) तेल घालायला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही जातात आणि आंगवण फेडता आली नाही तर दोघांच्याही पोटात गोळा येतो. चर्चच्या कायद्याप्रमाणे नवस म्हणजे शक्य असलेल्या, अधिक चांगल्या गोष्टीचं देवाला दिलेलं विचारपूर्वक आणि मोकळेपणाचं वचन. अन्यायाने घातलेल्या मोठ्या भीतीपोटी बोललेला नवस नवसच नव्हे. फेडणं जमत नसेल तर विगार रास्त कारणासाठी त्यातून मोकळं करू शकतो, फक्त त्यात तिसऱ्या कोणाचा हक्क बुडता कामा नये. आणि बोलणारा स्वतः त्याऐवजी तेवढीच किंवा त्याहून चांगली गोष्ट करू शकतो. गुडघे कामातून गेलेल्या बाईने जुन्या गोव्याला चालत जायचा नवस बोलला असेल, तर तिने विगाराला गाठावं. नवस अडला म्हणून घरात आजार आला, हे कोणी सांगितलं तर मानू नये.

आज्ञा नाही, नियम नाही, दोन्ही वाटा चांगल्या आहेत, अशा वेळी देवाची इच्छा कळायची कशी? आखातातली नोकरी घ्यावी की म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहावं, असा प्रश्न समजा. इग्नातींची रीत आजही वापरात आहे. आधी मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध आणायचं, उत्तर आधीच ठरवून बसायचं नाही. मग कागदावर लिहायचं: गेलं तर फायदे, गेलं तर तोटे, राहिलं तर फायदे, राहिलं तर तोटे. चारही रकाने भरायचे, कारण दोनच भरले की मन आपल्याला हवं तेच लिहून मोकळं होतं. मग अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगू, हे पाहायचं. मग मरणाच्या दारात असताना काय निवडलेलं बरं वाटेल, हे पाहायचं. ठरलं ते प्रार्थनेत देवापुढे ठेवायचं. मन उदास, कोरडं, घाबरलेलं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा त्यांचा नियम सगळ्यांत उपयोगी आहे. लोक नेमके तेव्हाच बदलतात.

आता बिघाड. घरात बायकोला 'नवऱ्याच्या अधीन राहा' हे इफिसकरांस पत्रातलं (5:22) वाक्य ऐकवतात आणि त्याच्या आधीचं, 'एकमेकांच्या अधीन राहा' हे 21 वं वाक्य गिळतात. मार खात राहणं हे आज्ञापालन नव्हे. जोडीदाराला किंवा मुलांना शरीराचा वा मनाचा गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला कॅनन 1153 परवानगी देतं, आणि थांबण्यात धोका असेल तर आधी बाहेर पडून मागाहून कळवलं तरी चालतं. धाकाने लावलेलं लग्न कॅनन 1103 प्रमाणे मुळातच वैध नाही.

प्रार्थनागटात कोणी 'देवाने मला दाखवलं, तू अमक्याशी लग्न कर', 'गोळ्या सोड', 'घर विकून दान दे', 'हे विगाराला सांगू नकोस' असं म्हणायला लागलं, तर तिथून उठावं. विशेषतः शेवटचं ऐकल्यावर. लैंगिक अत्याचाराबाबत आज्ञापालनाचा प्रश्नच उद्भवत नाही. मूल असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये काढलेल्या नियमांनुसार पाद्री आणि मादर यांना चर्चच्या अधिकाऱ्यांकडेही तक्रार करावीच लागते. तक्रार करणाऱ्याला गप्प राहण्याची अट घालता येत नाही.

सामान्य माणसाला आपल्या गरजा आणि आपलं मत पाद्रींना, बिस्पांना कळवण्याचा हक्क कॅनन 212 देतं, कधी कधी ते कर्तव्यही ठरतं. चर्चच्या एखाद्या लेखी निर्णयाने तुमचं नुकसान झालं असेल, तर निर्णय कळल्यापासून 10 दिवसांत, ज्याने तो दिला त्याच्याचकडे तो मागे घ्यावा किंवा बदलावा अशी लेखी मागणी करायची. तिथे नकार आला तर 15 दिवसांत त्याच्या वरच्याकडे जायचं. पत्राच्या दोन प्रती काढाव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी.